लेव्हल कुणासाठी रचायची?

(संस्थेच्या वार्षिक पालक-विद्यार्थी मेळाव्यात एका सहशिक्षकाने, बी. ए., बी. एड., केलेले भाषण)



दरवर्षी या व्यासपीठावरून शिस्त, अभ्यास, स्पर्धा परीक्षा अशा विषयांवर मान्यवर मंडळी बोलतात. माझा विषय ऐकून मात्र काही पालकांच्या कपाळावर आठ्या पडतील. मी व्हिडिओ गेमबद्दल बोलणार आहे. "आधीच मुले मोबाईल खाली ठेवत नाहीत, आणि आता मास्तरही त्यांनाच सामील झाले," असे कुणी म्हटले तर मला राग येणार नाही. तासन्‌तास गेम खेळत बसणाऱ्या मुलाची वकिली करण्यासाठी मी येथे उभा नाही. गेम खेळणे निराळे आणि गेममधली लेव्हल स्वतः रचणे निराळे. मला बोलायचे आहे ते या रचण्याबद्दल. हा विषय मला सुचला तो एका चुकीमुळे. ती चूक विद्यार्थ्याची नव्हती, माझी होती. तिच्याकडे मी ओघाने येईनच.

ज्यांनी कधी गेम खेळलेला नाही अशा वडीलधाऱ्यांसाठी प्रथम लेव्हल म्हणजे काय ते सांगतो. गेममधल्या खेळाडूला एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जायचे असते. वाटेत भिंती, खड्डे, शिड्या, शत्रू, खजिना अशी मांडणी केलेली असते. अशा एका टप्प्याच्या मांडणीला लेव्हल म्हणतात. पुस्तकात जसा धडा किंवा नाटकात जसा अंक, तशी गेममध्ये लेव्हल. ती कुणीतरी बसून, विचार करून रचलेली असते. आणि कित्येक गेममध्ये अशी सोय असते की, खेळणाऱ्याने स्वतःच आपली लेव्हल रचावी.

ही गोष्ट आजची नाही. माझे वय पस्तिशीच्या आसपास आहे. आमच्या लहानपणी टीव्हीला जोडायचे एक यंत्र मिळे. त्यात वरून कॅसेट खोचायची आणि खेळायचे. माझ्या मामूंनी मुंबईहून येताना आम्हा भावंडांसाठी ते आणले होते. त्यात रणगाड्यांचा एक गेम होता. त्याचे नाव 'बॅटल सिटी'. जपानच्या नामको कंपनीने तो १९८५ साली काढला. त्यात ३५ टप्पे होते. पण सुरुवातीच्या पडद्यावर 'एक खेळाडू' आणि 'दोन खेळाडू' यांच्याखाली तिसरी एक ओळ होती : 'कन्स्ट्रक्शन'. ती निवडली की पडदा मोकळा होई आणि विटा, लोखंड, पाणी, बर्फ, झाडी आपल्याला हवी तशी मांडता येई.

माझे थोरले भाऊ आणि मी तेथे आमचे गाव रचत असू. पाण्याची खाडी, झाडांची वाडी, विटांचा मोहल्ला. खाडीवर खऱ्या गावात नसलेला पूलही आम्ही तेथे बांधत होतो. परंतु त्या कॅसेटमध्ये रचलेली लेव्हल साठवून ठेवण्याची सोयच नव्हती. यंत्र बंद केले की सगळे पुसले जाई. त्या काळी आमच्याकडे लाइट वरचेवर जायची. तासभर बसून बांधलेले गाव एका क्षणात नाहीसे होई. आम्ही हळहळायचो, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा बांधायला बसायचो. ते गाव आम्हा दोघांखेरीज कुणी पाहिले नाही. कुणी शाबासकी दिली नाही की नावे ठेवली नाहीत. तरीही आम्ही ते का बांधत होतो, याचा विचार मी तेव्हा केला नव्हता. आज करतो तेव्हा वाटते की, आमच्या मनातले गाव आमच्या डोळ्यांसमोर उभे राही, एवढाच त्यातला लाभ होता आणि तो आम्हाला पुरत होता.

आता कुणी विचारील की, लेव्हल रचण्यात सांगण्यासारखे असते तरी काय? चार विटा इकडे, चार तिकडे. यासाठी आपण एक प्रसिद्ध उदाहरण घेऊ. जपानच्या निन्टेन्डो कंपनीचा 'सुपर मारिओ ब्रदर्स' हा गेम १९८५ सालचा. शिगेरू मियामोतो आणि ताकाशी तेझुका हे त्याचे प्रमुख रचनाकार. या गेमच्या पहिल्या लेव्हलमध्ये सूचनांची एकही पाटी नाही. मारिओ पडद्याच्या डाव्या बाजूला उभा असतो आणि उजवीकडे मोकळी जागा असते. त्यामुळे नवखा खेळाडू आपोआप उजवीकडे चालू लागतो. समोरून एक शत्रू सावकाश येतो, तेव्हा उडी मारावी लागते. पुढे एका ठिकाणी दोन पायऱ्यापायऱ्यांचे ढीग आहेत. त्यांच्यामध्ये जमीन आहे, उडी चुकली तरी काही बिघडत नाही. लगेच पुढे तसेच दोन ढीग आहेत, पण या वेळी मध्ये खोल खड्डा आहे. आधी निर्धास्तपणे सराव आणि मग परीक्षा. आम्ही बी. एड.ला पाठाचे टाचण काढतो ते याहून वेगळे नसते. शब्द न वापरता दुसऱ्याशी बोलण्याची ही रीत आहे.

आणखी एक गोष्ट मुलांनी लक्षात घ्यावी. त्या काळी या लेव्हल आधी कागदावर आखल्या जात, चौकटीच्या कागदावर. म्हणजे ज्याच्या घरी संगणक नाही, ज्याला मोबाईल अर्धा तासच मिळतो, त्यालाही लेव्हल रचता येते. गणिताची चौकटीची वही आणि एक पेन्सिल एवढे भांडवल पुरे.

हे रचनेचे काम सामान्य खेळाडूच्या हातात देणारेही पुढे आले. अमेरिकेत १९८३ साली डग्लस स्मिथ यांचा 'लोड रनर' निघाला. त्यात १५० लेव्हल तर होत्याच, शिवाय स्वतःची लेव्हल रचण्याचे साधनही गेमसोबतच दिलेले होते. पुढे १९९३ साली 'डूम' नावाचा गेम आला. तो गोळीबाराचा आहे, लहान मुलांना दाखवण्यासारखा नाही. पण त्याच्या कर्त्यांनी लेव्हलची माहिती मुख्य प्रोग्रॅमपासून वेगळ्या फाइलमध्ये ठेवली, त्यामुळे कुणालाही आपली लेव्हल त्याला जोडता येऊ लागली. तीस वर्षांहून अधिक काळ लोटला तरी त्यासाठी हौशी माणसे अजून नव्या लेव्हल रचत आहेत. त्यांच्यात एक जुनी रीत आहे. नवशिका पुष्कळदा सर्वप्रथम स्वतःचे राहते घर रचून पाहतो. हा खोलीचा दरवाजा, हे स्वयंपाकघर, हा जिना. हे वाचल्यावर मला आमचे 'बॅटल सिटी'मधले गाव आठवले. माणूस कोणत्याही देशातला असो, हाती विटा आल्या की तो आधी आपलेच अंगण बांधतो.

येथपर्यंत सर्व ठीक होते. मग त्यात तारे आले.

२०१५ साली निन्टेन्डोने 'सुपर मारिओ मेकर' हा गेम काढला. मारिओच्या लेव्हल आता घरोघरच्या मुलांनी रचाव्यात आणि इंटरनेटवरून साऱ्या जगाला खेळू द्याव्यात, अशी ती योजना होती. त्यात एक फार चांगला नियम होता. आपली लेव्हल इतरांना पाठवण्यापूर्वी ती स्वतः खेळून पार करून दाखवावी लागे. जे आपल्याला जमत नाही ते दुसऱ्यावर लादू नये, हा त्यातला न्याय मला पटतो. परंतु दुसराही एक नियम होता. खेळणाऱ्याला लेव्हल आवडली तर तो तिला तारा देई. सुरुवातीला एका माणसाला दहाच लेव्हल पाठवता येत, आणि तारे जसजसे वाढतील तसतशी ही मर्यादा वाढे. उलट, ज्या लेव्हल फारशा कुणाला आवडल्या नाहीत त्या काही काळाने काढूनही टाकल्या जात.

याचा परिणाम काय होणार, हे सांगायला शिक्षक कशाला पाहिजे? परीक्षेला काय येते हे कळले की मुले तेवढेच वाचतात. येथेही तसेच झाले. कशाला तारे मिळतात हे पाहून तशाच लेव्हलचे पीक आले. एकाने काही न दाबता मारिओ आपोआप शेवटपर्यंत जाईल अशी लेव्हल रचली आणि ती लोकांना आवडली की तशा शेकडो निघाल्या. त्यातही कौशल्य लागते, हे मी नाकारत नाही. पण कुणाचे तरी पाहून, कुणाला तरी आवडावे म्हणून, आपल्या मनात नसलेले रचणे, याला मी कौशल्य म्हणेन, अभिव्यक्ती म्हणणार नाही.

आणि त्या ताऱ्यांचे पुढे काय झाले तेही ऐका. ३१ मार्च २०२१ पासून नव्या लेव्हल पाठवणे बंद झाले. ८ एप्रिल २०२४ रोजी त्या गेमची ऑनलाइन सेवाच बंद झाली. लक्षावधी लेव्हल आणि त्यांच्यावरचे सगळे तारे लोकांच्या नजरेआड गेले. ज्याने आपल्या कामाची सारी किंमत त्या ताऱ्यांत ठेवली होती, त्याच्या हाती त्या दिवशी काय उरले असेल?

मात्र या गोष्टीची दुसरीही बाजू आहे, ती लपवून ठेवणे बरे नाही. सेवा बंद होण्यापूर्वी काही हौशी खेळाडूंनी एकत्र येऊन असा निश्चय केला होता की, ज्या लेव्हल आजवर एकाही खेळणाऱ्याने पार केलेल्या नाहीत त्या सर्व आपण पार करायच्या. त्यांतल्या कित्येक लेव्हल अवघड होत्या म्हणून राहिल्या नव्हत्या, त्यांच्याकडे कुणी फिरकलेच नव्हते. अनेक वर्षे हे काम चालले. शेवटी 'ट्रिमिंग द हर्ब्ज' नावाची एक भयंकर कठीण लेव्हल उरली. मार्च २०२४ मध्ये तिच्या कर्त्यानेच कबूल केले की, ती त्याने स्वतःच्या हाताने पार केलेली नव्हती, यंत्राकडून बटणे दाबून घेतली होती. म्हणजे मघाशी मी ज्या नियमाचे कौतुक केले, तोच त्याने चुकवला होता. तरीही एका खेळाडूने जिद्द सोडली नाही आणि सेवा बंद होण्याच्या तीन दिवस आधी, ५ एप्रिलला, ती आपल्या हाताने पार केली. यातून मी दोन गोष्टी शिकलो. वाहवा मिळवण्याच्या नादात माणूस स्वतःशीही खोटे वागू शकतो. आणि कुणीच न पाहिलेल्या कामालाही कधीतरी त्याचा एखादा खरा वाचक भेटू शकतो, मग भले तो उशिरा का भेटेना.

आता माझी चूक सांगतो.

गेल्या वर्षी नववीतला एक विद्यार्थी मधल्या सुट्टीत माझ्याकडे आला. मुलगा अबोल, निबंधात पाच ओळींपुढे न जाणारा. त्याने अम्मीच्या मोबाईलवर एका गेममध्ये लेव्हल रचली होती आणि ती मला दाखवायची होती. मी घाईत होतो. एक नजर टाकली आणि कौतुकाच्याच सुरात विचारले, "अरे वा! किती जणांनी लाइक केले?" तो म्हणाला, "सर, तिघांनी. बाकीच्यांनी बोअर आहे असे लिहिलेय." मी म्हणालो, "मग जरा मजेदार कर. शत्रू वाढव." तो "हो सर" म्हणून गेला.

दोन आठवड्यांनी मी सहज चौकशी केली, तेव्हा कळले की त्याने ती लेव्हल पुसून टाकली होती. मी विचारले, "का रे?" तो बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "सर, ती आमच्या घरापासून एस. टी. स्टँडपर्यंतची वाट होती. अब्बा कुवेतला परत जातात तेव्हा आम्ही सगळे त्यांना पोचवायला जातो. मधे लांबच लांब रिकामी जागा ठेवली होती. तिथे काहीच नव्हते, कारण त्या वाटेवर कुणी बोलत नाही."

बंधुभगिनींनो, पाच ओळींपुढे न जाणाऱ्या त्या मुलाने एवढे सगळे सांगितले होते. ज्यांनी त्याला कंटाळवाणे म्हटले ते परके होते, त्यांना तो रस्ता ठाऊक नव्हता. पण मी तर त्याचा शिक्षक. तो रस्ता मी रोज पाहतो. मी त्याला 'ही कोणती जागा आहे?' असे विचारायला हवे होते. मी विचारले आकड्याबद्दल. लाइक मोजायला त्याला मोबाईलने शिकवले असेल, पण तोच आकडा महत्त्वाचा आहे यावर शिक्कामोर्तब मी केले.

या प्रसंगानंतर मी पुष्कळ विचार केला. मग दुसऱ्याचे मत मुळीच ऐकू नये काय? तसेही नाही. दाद आणि दुरुस्ती यांत फरक करायला मुलांना शिकवले पाहिजे. 'आवडले' किंवा 'नाही आवडले' ही दाद. 'येथे मी अडकलो', 'हा दरवाजा मला दिसलाच नाही', ही दुरुस्ती. दाद मिळाली नाही म्हणून आपले म्हणणे बदलू नये. दुरुस्ती मिळाली तर मात्र आपले सांगणे जरूर सुधारावे. एक साधा उपाय सांगतो. आपली लेव्हल मित्राला किंवा बहिणीला खेळायला द्यावी आणि शेजारी गप्प बसावे. काही समजावून सांगू नये. ती कोठे थांबते, कोठे चुकते हे पाहावे. मनातली गोष्ट तिच्यापर्यंत पोचली की नाही हे त्यातून कळते. स्वतःसाठी रचायचे म्हणजे कसेही रचायचे, असा अर्थ कुणी घेऊ नये. आपली वही आपण आपल्यासाठी लिहितो म्हणून काही अक्षर गिचमिड काढत नाही.

पालकांना माझी विनंती आहे. वेळेची मर्यादा तुम्ही घाला, ती घालायलाच हवी. अभ्यास, नमाज, झोप यांच्या वेळा सोडून गेम नको, हे मलाही मान्य आहे. गेममध्ये पैसे खर्च होतात का, मूल अनोळखी माणसांशी बोलते का, यावरही लक्ष ठेवा. लेव्हल रचली म्हणून ती जगाला दाखवलीच पाहिजे असेही नाही, घरातल्या चार माणसांनी पाहिली तरी पुरे. पण मूल काही रचून तुमच्यापुढे घेऊन आले तर दोन मिनिटे बसा आणि विचारा, "यात काय आहे? हे इथे का ठेवलेस?" गेम तुम्हाला कळत नसला तरी चालेल. आपले मूल तर कळते.

हा प्रश्न केवळ गेमचाही नाही. आपल्या समाजात कोणत्याही कामाच्या मुळाशी नियत कोणती आहे हे पाहण्याची शिकवण आहे, आणि दिखाव्यासाठी केलेले काम हलके मानले जाते. हे आपण मुलांना तोंडाने सांगतो. मग निकालाच्या दिवशी पहिला प्रश्न विचारतो, "शेजारच्याला किती पडले?" मुले आपले तोंडचे शब्द विसरतात आणि आपला प्रश्न लक्षात ठेवतात.

विद्यार्थी मित्रांनो, तुम्हालाही एक सांगतो. लेव्हल रचा, चित्र काढा किंवा कविता लिहा. सुरू करण्यापूर्वी वहीच्या कोपऱ्यात एक ओळ लिहून ठेवा : 'मला यात काय सांगायचे आहे?' काम संपल्यावर ती ओळ पुन्हा वाचा. ते सांगून झाले असेल तर तुमचे काम झाले. तारे मिळाले तर आनंद माना, नाही मिळाले तर पुसून टाकू नका.

त्या विद्यार्थ्याकडे मी माफी मागितली. शिक्षकाने विद्यार्थ्याची माफी मागावी हे काहींना खटकेल, पण मला ते आवश्यक वाटले. त्याला मी चौकटीची एक वही दिली. यंदा जूनमध्ये त्याने ती मला परत आणून दाखवली. तीच वाट, पुन्हा आखलेली. घर, विहीर, चढण, आणि ती लांबलचक रिकामी जागा. पण या वेळी शेवटी स्टँडपाशी लेव्हल संपत नव्हती. पान उलटल्यावर तीच वाट उलट दिशेने होती, अब्बांशिवाय घरी परत येण्याची. मी या वेळी आकडा विचारला नाही. मी विचारले, "या वाटेवर कुणी बोलते का?" तो म्हणाला, "हो सर. घर जवळ आले की अम्मी बोलायला लागते."